बाटलीतले रसायन आणि टाकीतले पाणी

रतलामजवळ डोसीगाव येथे जून 2025 मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातील 19 गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या. इंधनात पाणी होते. पंपाला सील लागले; इंदूरच्या सामान्य दुचाकीस्वाराच्या तक्रारीची मात्र अशी तातडीने दखल घेतली जात नाही. त्याच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. ‘अॅडिटिव्हची बाटली ओता, पेट्रोल टिकेल’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. साठवलेल्या पेट्रोलमधील ऑलिफिन (असंतृप्त हायड्रोकार्बन) हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखा चिकट थर तयार करतात. अॅडिटिव्हमधील प्रतिऑक्सिडंट या अभिक्रियेची साखळी तोडतात, पण तोडताना स्वतः खर्च होतात. ते ताज्या इंधनातच उपयोगी पडतात. बिघडलेले पेट्रोल त्यांच्यामुळे सुधारत नाही, तळाशी साचलेले पाणीही हटत नाही.

इथेनॉल थोडे पाणी विरघळवून ठेवते, मग भीती कशाची, असे कोणी विचारेल. मुद्दा खरा आहे, पण मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पाणी बरेचसे इथेनॉल सोबत घेऊन तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक घसरतो. माळव्यातल्या पावसाळी दमटपणात अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने उभी ठेवणे म्हणूनच धोक्याचे. रिफायनरी स्थिरकारक घालते, हेही मान्य. परंतु पंपाच्या भूमिगत टाकीत झिरपणाऱ्या पाण्यावर तो उपाय नव्हे. तेल कंपन्यांनी पावसाळ्यात प्रत्येक पंपावर रोजच्या पाणी-तपासणीची नोंद ग्राहकाला दिसेल अशी लावावी.