दुकान टाकू नका, धार लावायला शिका

सावर्ड्याच्या एका तरुणाने विचारलं, "सर, कर्ज मिळतंय. दातांच्या डॉक्टरांची अवजारं विकायचं दुकान टाकू का?" माझं स्पष्ट मत: नको. त्याच अवजारांना धार लावून द्यायचा धंदा कर.

आता कारण ऐका. चांगलं स्टीलचं अवजार डॉक्टर रोज विकत घेत नाही. आणि घ्यायचंच झालं तर मोबाइलवर ऑर्डर देतो. भावात तुम्ही तिथे टिकणार नाही. पण धार? ती वापराने जातेच, आणि मोबाइलवरून लावून मिळत नाही.

हिरडीच्या खाली, दाताच्या मुळावर साचलेलं कीटण काढायला क्युरेट लागतो. त्यातला ग्रेसी क्युरेट प्रसिद्ध. अमेरिकेतल्या मिशिगनचे डॉ. क्लेटन ग्रेसी यांच्या नावाचा. त्याची खुबी अशी की पात्याची एकच कड कापते, आणि पातं दांड्याशी साधारण ७० अंशात कललेलं असतं. प्रत्येक नंबरची जागा ठरलेली: ५/६ पुढच्या दातांना, ११/१२ दाढेच्या पुढच्या बाजूला, १३/१४ मागच्या बाजूला. धार बोथट झाली की कीटण निघत नाही, वरून नुसतं गुळगुळीत होतं. डॉक्टरचा हात दुखतो, पेशंटला त्रास होतो, आणि रोग आत तसाच राहतो.

काही जण म्हणतील, आता मशीन आहे की! आहे, पण हाताच्या अवजारांचं काम संपलेलं नाही. बरेच डॉक्टर धार स्वतः लावतातही. त्यांचा तोच वेळ तुम्ही वाचवायचा.

पण हे विळीला धार लावण्याइतकं सोपं नाही हं! दगड आणि पात्याचा वरचा भाग यांत १०० ते ११० अंशांचा कोन राखावा लागतो. तो चुकला तर महागडं अवजार वाया. म्हणून आधी जाणकाराकडे बसा, जुन्या अवजारांवर हात बसवा. दिव्याखाली कड धरून बघा: चमकती रेघ दिसली तर ती बोथट. अवजारं निर्जंतुक केलेलीच हातात घ्या, आणि परत गेल्यावर डॉक्टरांनी ती पुन्हा निर्जंतुक करूनच वापरायची, हे आधीच ठरवून घ्या.

गिऱ्हाईक कुठे? महामार्ग धरा: वर चिपळूण, खेड, खाली संगमेश्वर. खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. कर्जाच्या अर्जाआधी महिनाभर दवाखान्यांत फिरा, वहीत लिहा: अवजारं किती, धार कोण लावतं, किती दिवसांनी. आकडा पुरेसा नसेल तर हा जोडधंदाच ठेवा, नोकरी सोडू नका.

आणि एक गोष्ट. पातं झिजून बारीक झालं की ते हिरडीखाली मोडू शकतं. अशा वेळी धारेचे पैसे सोडा आणि सांगा, "डॉक्टर, हे आता टाकून द्या." त्या दिवशी कमाई बुडेल, पण पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतील.