तोंडातील टाके
दाढ काढल्यावर घातलेला विरघळणारा टाका चौथ्या-पाचव्या दिवशी सैल झाला, की घरची मंडळी चूळ भरण्याच्या औषधाला दोष देतात. औषध मिनिटभर तोंडात राहते; लाळ मात्र अष्टौप्रहर. साधे कॅटगट म्हणजे जनावरांच्या आतड्यातील कोलॅजेन (मांजराचा येथे संबंध नाही!). विकरांमुळे त्याची ताकद काही दिवसांतच सरते. पॉलिग्लॅक्टिनचा कृत्रिम धागा पाण्याने सावकाश झिजतो, म्हणून अधिक काळ तग धरतो.

पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये. जखमेवरील रक्ताची गुठळी सुटते. पुढे कोमट मिठाचे पाणी हलकेच घोळवावे. कवळी टाक्यावर घासत असल्यास दंतवैद्यांना दाखवावी. रक्तस्राव थांबत नसल्यास त्याच दिवशी त्यांना गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र परस्पर बंद करू नये.