वेबसाइट तुमची, पण चावी कुणाकडे?

भिंगारच्या बाजारपेठेतले दुकान असो, शाळा असो की पतसंस्था. वेबसाइट एकदा करून घेतली, पत्ता पाटीवर छापला की विषय संपला, असाच सर्वसाधारण समज असतो. पण वेबसाइट म्हणजे पाटी नव्हे. गाडीसारखी तिचीही वेळोवेळी सर्व्हिसिंग लागते.

जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. त्यात फॉर्म, पेमेंट, फोटो गॅलरी अशा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. गडबड इथेच होते.

प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणजे काय?
हक्क नसताना वरचा अधिकार मिळवणे. प्रवेशाचा फॉर्म भरायला आलेल्याने थेट मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून सह्या कराव्यात, तसे.

२०२३ मध्ये ‘अल्टिमेट मेंबर’ या सदस्य नोंदणीच्या प्लगइनमध्ये हेच झाले. नोंदणी करतानाच हॅकर स्वतःला अ‍ॅडमिन करून घेत होते. प्लगइन सुमारे २ लाख वेबसाइटवर होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लाइटस्पीड कॅश’मध्ये त्रुटी सापडली, ते ५० लाखांहून अधिक वेबसाइटवर होते. त्याची गुप्त किल्ली फक्त १० लाख शक्यतांपैकी एक होती. संगणकाला ती एकेक करून शोधणे अवघड नाही.

‘आमच्याकडे कोण येणार?’
हॅकरचे प्रोग्रॅम गाव पाहत नाहीत, जुने व्हर्जन शोधतात. आणि नुकसान एकट्या मालकाचे नसते. पालकांचे मोबाइल नंबर, खातेदारांची कागदपत्रेही जातात.

दोन्ही वेळा दुरुस्ती मोफत उपलब्ध झाली. ती बसवायची कुणी, हा खरा प्रश्न आहे. करून देणारा म्हणतो, काम संपले. मालक म्हणतो, पैसे दिले. म्हणून अपडेटची जबाबदारी कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि त्याचे पैसेही द्या. फुकटात दर महिन्याला कुणी लक्ष ठेवणार नाही.

आजच हे करा
• अ‍ॅडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का, पाहा.
• प्लगइन अपडेट करा, ऑटो-अपडेट सुरू ठेवा.
• न लागणारे प्लगइन नुसते बंद करू नका, काढून टाका.
• बॅकअप वेबसाइटच्या सर्व्हरबाहेर ठेवा.

दुकानाचे शटर रोज ओढता. वेबसाइटचे कोण ओढते, हे आजच विचारा.