म्हसवडची वाट गोडी शेवेच्या दुकानावरूनही जाते

फ्रान्समधल्या बोर्दो शहराचे जुने बंदर २००७ साली जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या दगडी इमारती पाहायला येणारा माणूस कानले नावाचा छोटा केकही खातो. त्यातली रम आणि व्हॅनिला बोर्दोच्या मातीतली नव्हे. समुद्रपारच्या व्यापारातून ती या बंदरात आली. तरी पदार्थ त्या शहराचा ठरला, कारण शहराने तो आपला म्हणून जपला. माण नदीकाठच्या म्हसवडला हे का जमू नये? मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि जत्रेत गोडी शेव, रेवड्या, बत्ताशांच्या राशी लागतात. या राशींकडे आपण जत्रेचा किरकोळ बाजार म्हणून पाहतो. वास्तविक त्यांत माणदेशाचा अख्खा भूगोल आहे. सह्याद्रीआड पाऊस अडलेला हा मुलूख ज्वारी-बाजरीचा आणि मेंढरांचा. गूळ यायचा तो कृष्णा-पंचगंगेकाठच्या पेठांतून. दूध न लागणारी, लांबच्या गावी परतणाऱ्या भाविकाच्या गाठोड्यात टिकणारी मिठाई इथे रुजली, यात नवल नाही. पाण्याच्या याच ओढीची दुसरी खूण म्हणजे सांगली जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेला, इंग्रजी अमदानीतला राजेवाडी तलाव. देऊळ, तलाव आणि मिठाई एकत्र पाहिली तरच हे गाव कळते.

गोडी शेव तर प्रत्येक जत्रेत मिळते, तिचे म्हसवडपण कोणते, असे कोणी विचारील. बोर्दोची रम हेच त्याचे उत्तर. देवस्थानाचे पर्यटनस्थळ होईल, हा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. भक्तीला धक्का लागेल असे काही करूच नये. पण जत्रा आणि बाजार आपल्याकडे कधी वेगळे नव्हते. प्रसाद घेऊन निघालेला माणूस पोरांसाठी शेव बांधून घेतच आला आहे. प्रश्न उरतो जत्रा उठल्यावरच्या महिन्यांचा. १९९७ साली याच गावात माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, म्हणजे बाईच्या हातच्या धंद्याला भांडवल देण्याची रीत इथे नवी नाही. हीच मिठाई बायकांच्या गटांनी बारमाही करावी, पुड्यावर गावाचे नाव छापावे, आणि दर्शनाला आलेल्याला राजेवाडीची वाट दाखवणारा साधा फलक नगरपालिकेने देवळाजवळ लावावा. एवढ्याला मोठा निधी लागत नाही.