कानातला माग

मी बत्तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर काम केलं. पहिली नऊ वर्षं माग चालवला, पुढची तेवीस वर्षं जॉबर म्हणून बिघडलेले माग सुधारले. २०१९ च्या दिवाळीत काम सोडलं. त्या रात्री जेवून आडवा झालो तेव्हा गल्ली शांत होती, वरचा पंखाही बंद होता. तरी कानात बारीक शिट्टी चालू होती, कुकरची वाफ सुटायच्या आधी सूं होतं ना, तशी. मी आत हाक मारली, ‘‘कुकर बंद कर की गं.’’ ही म्हणाली, ‘‘अहो, साडेअकरा वाजलेत. कसला कुकर?’’

ती शिट्टी आजही बंद झालेली नाही. हा मजकूर लिहिताना ती डाव्या कानात वाजते आहे. पण आता मला झोप लागते, नातवाचा अभ्यास घेता येतो, देवळात भजनाला बसता येतं. मधल्या काळात काय झालं ते सांगतो, कारण माझ्यासारखे कान वाजणारे या गावात गल्लीगल्लीत आहेत आणि त्यांना दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, याला इलाज नाही. दुसरे म्हणतात, आमच्याकडे या, एकवीस दिवसांत कान मोकळा. दोघंही मला भेटले.

पहिल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं, मळ नाही म्हणाले आणि दोन मिनिटांत निकाल दिला. वय झालं, सवय करून घ्या. सवय कशी करायची, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता. त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. रात्री दोनला जाग यायची, छाती धडधडायची आणि मनात एकच विचार यायचा, हा आवाज मरेपर्यंत असाच राहणार. मग एका ओळखीच्याने प्राणायामाच्या शिबिराला नेलं. तिथे फी घेतली, तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, जोरजोरात श्वास सोडा, नसा उघडतील, आवाज जाईल. मला ब्लडप्रेशर आहे. तिसऱ्या दिवशी डोकं गरगरलं आणि मी भिंत धरून खाली बसलो. शिट्टी होती तिथेच होती. वर मनात अपराधीपणा बसला, की आपलाच श्वास कमी पडतोय.

अखेर मुलाने कोल्हापुरात एका श्रवणतज्ज्ञ मुलीकडे नेलं. तिने मला बंद खोलीत बसवून कानांची तपासणी केली आणि आलेख समोर ठेवला. जाड आवाज मला ठीक ऐकू येत होते. ४००० हर्ट्झच्या आसपास मात्र रेष दरीत उतरावी तशी खाली गेली होती. ‘‘काका, हा खड्डा आवाजात काम केलेल्या माणसाचा,’’ ती म्हणाली. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. जिथून सूर येणं थांबतं, तिथला आवाज मेंदू स्वतःच वाढवून ऐकू लागतो. टिनिटस म्हणतात तो बहुतेकदा असा तयार होतो. सुश्रुतसंहितेत कानाच्या २८ रोगांमध्ये कर्णनाद मोजला आहे, इतका हा त्रास जुना.

मग तिने विचारलेला प्रश्न मी अजून विसरलो नाही. ‘‘काका, आवाज किती मोठा आहे ते राहू द्या. दिवसात किती वेळा तो आहे का, हे तपासता?’’ मी म्हणालो, ‘‘मॅडम, सारखंच.’’

इथे मला माझं कामच आठवलं. चोवीस मागांची शेड असते. नवख्याला तिथे शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. पण जॉबर पानपट्टीवरून परत येताना दारातूनच सांगतो, चौथ्या लाईनीचा तिसरा माग बघा, धोटा नीट बसत नाही. तेवीस मागांचा खडखडाट त्याच्या कानावरून निघून जातो, बिघडलेला एकच माग ऐकू येतो. कान सगळ्यांचे सारखेच, पण कुठला आवाज धोक्याचा हे त्याच्या मनाने ठरवून टाकलेलं असतं. माझ्या डोक्यातल्या जॉबरने त्या शिट्टीलाच बिघाड ठरवलं होतं. तो रात्रभर तिथे उभा राहून काय तुटलं ते शोधत होता आणि मला झोपू देत नव्हता.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. पावेल जास्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये टिनिटसची अशीच मांडणी केली. आवाज कानातून सुरू होत असेल, पण तो छळतो तेव्हा मेंदूतली भीतीची आणि सावध राहण्याची यंत्रणा त्यात गुंतलेली असते. त्याआधी १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे शांततेत बारीक आवाज बहुतेकांना येतो. एखाद्याच्या बाबतीत मात्र तो धोक्याची घंटा होऊन बसतो.

श्वासाचा उपयोग इथे आहे. कानाच्या मेलेल्या पेशींपर्यंत तो पोचत नाही, पण त्या घाबरलेल्या जॉबरपर्यंत पोचतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. हे काम मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमार्फत होतं. श्वास संथ केला आणि सोडणं घेण्यापेक्षा लांबवलं की शरीराला निरोप जातो, इथे पळायचं कारण नाही. हृदयाला, पचनाला आपण सांगून थांबवू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलंही ऐकतो, म्हणून तिथून आत शिरता येतं.

मी काय करतो ते सांगतो. रात्री पावणेदहाला सोप्यात भिंतीला पाठ लावून बसतो. पंखा एकवर ठेवतो, कारण पूर्ण शांततेत शिट्टी मोठी वाटते. एक हात बेंबीवर. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा, पोट हाताला लागेल इतका. मग बशीतला चहा निववताना आपण हळू फुंकतो, तसे ओठ करून सहा मोजेपर्यंत सोडायचा. चहा सांडता कामा नये, इतकं हळू. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास कोंडून धरायचा नाही, जोर लावायचा नाही. दहा मिनिटं झाली की उठायचं. कधी शेवटचे पाच श्वास सोडताना तोंड मिटून भुंग्यासारखा गुंजारव करतो. त्या गुंजारवात शिट्टी थोडा वेळ बुडते.

पहिला आठवडा काहीच जमलं नाही. प्रत्येक श्वासानंतर मी कान देऊन बघायचो, कमी झाला का? तपासायला गेलं की आवाज वाढलेला वाटायचा. मी त्या श्रवणतज्ज्ञ मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘काका, श्वास मोजा, आवाज मोजू नका.’’ मग एक वही घातली. कारखान्यात दिवाणजी पिकांचा, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांचा, हिशेब ठेवतात तशी. शिट्टी किती मोठी, हा रकानाच ठेवला नाही. रात्री कितीदा जाग आली आणि पुन्हा झोपायला किती वेळ लागला, एवढंच लिहायचं. पहिल्या पानावर तीन, चार, तीन असे आकडे आहेत. दीड महिन्यानंतरच्या पानावर एक, शून्य, एक. शिट्टी तेवढीच होती. रात्री जाग आली तर छाती धडधडत नव्हती, आणि छाती धडधडली नाही की झोप परत येत होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कानाच्या प्रत्येक दवाखान्यात, ‘याला गोळी नाही’ या वाक्याच्या पाठोपाठ हा श्वास शिकवला गेला पाहिजे. त्याला दहा मिनिटं लागतात आणि रुपया लागत नाही. पण शिकवताना खरं सांगितलं पाहिजे, आवाज जाईल असं वचन देता कामा नये. खोट्या वचनावर श्वास घेणारा माणूस रोज कान तपासतो, रोज हरतो आणि आधीपेक्षा जास्त घाबरतो. मी तसा हरलेला आहे.

श्वास हा सगळा उपचारही नव्हे. आजवरचा सर्वांत भक्कम आधार आहे तो विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी या समुपदेशनाला. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळतात आणि आतला फिका पडतो. माझ्या डाव्या कानात आता यंत्र आहे. २०१७ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी ७५ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना अंग सैल सोडायला शिकवलं, काहींना श्वासावर लक्ष ठेवत आवाजाशी न झगडता बसायला शिकवलं. त्रास दोन्हीकडे कमी झाला, न झगडणाऱ्यांचा जास्त. उलट, जिंको बिलोबाच्या आणि झिंकच्या गोळ्या टिनिटससाठी सुचवू नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे. माझ्या गल्लीत लोक त्या गोळ्यांवर पेन्शन घालवतात.

एका गोष्टीत तर श्वासाच्या भरवशावर बसायचंच नाही. एका दिवसात अचानक ऐकू येईनासं झालं, आवाज एकाच कानात येतोय, नाडीच्या ठोक्यासारखा धप धप वाजतोय, किंवा सोबत गरगरतंय, तर आधी डॉक्टर. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तरच ते परत यायची जास्त आशा असते. त्या दिवसांत कुणी प्राणायाम करत बसला, तर त्याचं नुकसान प्राणायाम शिकवणाऱ्याच्या माथी येईल. खरं तर श्वासाचा अभ्यास मोजमाप करून करायची शिस्त आपल्याच मातीतली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रिया यंत्रांनी तपासून बघण्यासाठी. शंभर वर्षांनी आपण तेल विकण्यापर्यंत खाली यायचं कारण नाही.

आणि आता जे बोलल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही ते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. त्या मागाने या गावाला भाकरी दिली, मलाही दिली. पण धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. माझ्या काळी कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबलची, शंभरला फक्त दोन तास. आमची पाळी बारा तासांची. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवायच्या आजारांमध्ये नोंदलेला होता. माझ्या बत्तीस वर्षांत माझ्या कानाची तपासणी एकदाही झाली नाही. आम्ही वेस्टेज सुताचा बोळा कानात घालायचो. त्याने आवाज जेमतेम कमी होतो, हे मला साठीत कळलं. मालकाने शेडमध्ये कानाची साधनं ठेवावीत, वर्षातून एकदा कान तपासावेत, संघटनांनी मजुरीवाढीच्या मागणीत हे कलम घालावं. तिथे हात आखडता घेऊन कामगाराला नुसता श्वास शिकवला, तर ते जखम वाहती ठेवून फुंकर घालणं होईल.

गेल्या रविवारी शेजारचा बाविशीतला पोरगा सोप्यात येऊन बसला. तोही माग चालवतो. म्हणाला, ‘‘काका, रात्रपाळीवरून आलो की दुपारपर्यंत कान वाजत्यात. मला पण ते श्वासाचं शिकवा की.’’ मी आत जाऊन कपाटातून फोमच्या इअरप्लगची नवी जोडी आणली. कान वर ओढून, प्लग बारीक वळून आत कसा सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने कसा धरायचा ते त्याला तीनदा करून दाखवलं, त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. आणि कान तपासायला कोल्हापूरला कुठे जायचं ते वहीच्या पानावर लिहून दिलं.

‘‘आणि श्वास?’’ त्याने विचारलं.

‘‘शिकवतो. आजची पाळी हे घालून कर आणि उद्या ये.’’