तिसऱ्या शीलाशी जीभ अडखळते त्याची गोष्ट

मी देवळाली प्रवऱ्याचा. कालव्याचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस, अन् सातबाऱ्यावर आपलं नाव नाही. आता पुण्यात समुपदेशक म्हणून खुर्ची उबवतो. गेल्या वर्षी समोर गावचाच पोरगा येऊन बसला. आपल्या वस्तीतला. म्हणाला, "दादा, मला पोरगे आवडतात. रोज पंचशील म्हणतो, पण तिसऱ्या शीलाशी जीभ अडखळते. एकतर हे काढा माझ्यातून, नाहीतर विहार सोडतो."

आधी एका डॉक्टरकडं जाऊन आला होता. त्यानं गोळ्या दिल्या, वर सल्ला : लग्न कर, होईल नीट. बापानं उसने पैसे काढून फी भरली. कशाची? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. पण एक चोरवाट ठेवली. ज्याला स्वतःचाच कल नकोसा वाटतो, त्याचा तो नकोसेपणा रोग म्हणून नोंदवायचा! २०२२ पासूनच्या नव्या यादीत तीही बुजली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असले 'बदलायचे' उपचार म्हणजे गैरवर्तन ठरवलं. कागद दिल्लीत. दुकान गल्लीत.

अन् नकोसेपणा येतो कुठून? आमच्या आज्याला स्वतःच्या सावलीची लाज वाटायला शिकवलं होतं. म्हणून काय सावलीवर इलाज करायचा होता?

आता दुसरी जात. माझे पांढरपेशे सहकारी. "धर्म सोड म्हणावं त्याला, सुटेल बिचारा." वा रे वा! तुम्हाला धर्म मिळाला पाळण्यात, फुकट. आमच्या आज्यानं १९५६ नंतर घरचे देव प्रवरेत सोडले, गावाचा राग अंगावर घेतला, तेव्हा हा धम्म घरात आला. तो टाकायचा की ठेवायचा हे तुम्ही कोण सांगणार?

पण आपल्या विहारातल्या म्होरक्यांनाही सोडणार नाही. "हे आपल्यात नसतं," म्हणे. कामेसु मिच्छाचारा. मिच्छाचार म्हणजे खोटा आचार. जबरदस्ती, फसवणूक. एका पोरीला अंधारात ठेवून तिच्या गळ्यात याला बांधणं, तिथं तिसरं शील मोडतं अन् चौथंही. विनयात पंडकाला उपसंपदा नाकारलीय, ते मी लपवत नाही. पण ग्रंथात आहे म्हणून मान डोलवायची असती तर मनुस्मृती काय वाईट होती?

र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. समलिंगी संबंधांचे प्रश्नही त्यात असत. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली. कर्व्यांच्या बाजूनं उभं कोण राहिलं? बाबासाहेब. खटला हरले. आपण जयंतीला डीजे लावतो, हा खटला कितीजणांना ठाऊक आहे?

पोराला मी म्हटलं : काढणार काही नाही, सोडायलाही लावणार नाही. शील तू स्वतः वाच, अर्थ लाव, माझ्याशी भांड. सहा महिने भांडला. शेवटी एकदा खेकसला, "तुम्हीच सांगा ना एकदाचं!" मी सांगितलं नाही. सोपं नव्हतं ते.

परवा आला होता. वंदनेला जातो. आईला अजून सांगितलेलं नाही. पोरगी बघायला जायचं मात्र साफ नाकारलं त्यानं, अन् बाप महिनाभर बोलला नाही. तिसऱ्या शीलाशी अजून अडखळतो म्हणाला, पण आता थांबत नाही. पुढच्या गुरुवारी येणार आहे.