दुधाच्या हिशेबात गोऱ्हा कुठे आहे?



आजचा विषय जरा कडू आहे, पण तो आपल्या रोजच्या चहाच्या पातेल्यातलाच आहे. संकरित गाय, तिला होणारा गोऱ्हा आणि मांसासाठी वाढवली जाणारी गुरे. तुम्ही म्हणाल, आपल्या घरात बटाटासुद्धा येत नाही, आपला याच्याशी काय संबंध? माझे मत असे की संबंध आहे, आणि तो पाहिल्याशिवाय आपली जीवदया पुरी होत नाही.

माझी भाची आयर्लंडमध्ये असते. तिकडची पद्धत तिच्याकडून कळली. दुधाच्या गायी वेगळ्या आणि मांसासाठी वासरे देणाऱ्या गायी वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या गायीचे दूध कोणी काढतच नाही, ते सगळे वासराला. म्हणून अशी गाय निवडताना संकर बघतात. फ्रिजियनसारख्या जातीकडून भरपूर दूध यावे, लिमोझिन किंवा हिअरफर्डसारख्या जातीकडून भरलेले अंग यावे, आणि गाय त्रास न होता व्यावी. वासरू सहा-आठ महिने आईजवळ कुरणात राहते, पोटभर पिते. पुढे खाऊ-पिऊ घालून वाढवतात आणि साधारण दोन वर्षांचे झाले की कत्तलखान्यात पाठवतात.

ऐकून अंगावर काटा येतो. यायलाच हवा. पण तिथल्या लोकांना नावे ठेवून थांबू नका. आपल्याकडे संकर कशासाठी झाला आणि आपल्या वासराचे काय होते, तेही बघू.

गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली. होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी या परदेशी जातींशी गावठी गायींचा संकर झाला आणि लहान शेतकऱ्याच्या घरात दूध आले, पैसा आला. हे काम मी मुळीच कमी लेखत नाही. आपल्या मराठवाड्यातली देवणी दिवसाला चार-पाच लिटर देते, तिथे संकरित गाय दहा-पंधरा लिटर देते. कोरडवाहू भागातली कितीतरी घरे दुधाच्या पगारावर उभी आहेत.

पण गाय व्याली की निम्म्या वेळा कालवड होते आणि निम्म्या वेळा गोऱ्हा. देवणीचा किंवा लाल कंधारीचा गोऱ्हा मोठा झाला की औताला, गाडीला कामी येई. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसते, जू बसत नाही, ऊन सोसत नाही. त्यात ट्रॅक्टर आले. त्यामुळे त्याला कामच उरले नाही.

आमच्याकडे फुलंब्रीच्या बाजूने दूध घेऊन येणाऱ्या भाऊंना मी सरळ विचारले, गोऱ्हा झाला की काय करता? ते म्हणाले, "काकू, खोटं कशाला बोलू? दोन सड त्याला पाजले तर डेअरीला काय घालू? अन् मोठा करून घेतंय कोण?" त्यात निर्दयपणा नव्हता, अडचण होती.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळू, गोऱ्हेही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आपल्या समाजाला समाधान वाटले, मलाही वाटले. पण कायदा सुरी थांबवतो, गव्हाणीत वैरण टाकत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गायी २०१२ च्या मानाने १८ टक्क्यांनी वाढल्या, आणि बैल-गोऱ्हे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. जन्म तर सारखेच होतात. मग बाकीचे गेले कुठे? काही विकले जातात, काही रस्त्यावर सोडले जातात, आणि काही दूध न मिळाल्याने पहिल्या काही दिवसांतच मरतात.

इथे पाठशाळेत शिकलेले आठवा. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, फार ओझे लादणे आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे खाणेपिणे रोखणे. आयर्लंडचे वासरू आईचे दूध पिऊन सुरीखाली जाते, आपले वासरू सुरीतून वाचते आणि दुधावाचून जाते. हिंसा दोन्हीकडे आहे. आणि "ते पाप शेतकऱ्याचे" असे म्हणायची सोय आपल्याला नाही, कारण कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही प्रकार आपल्याला शिकवले आहेत. दूध आपल्यासाठी काढले जाते.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. संकरित गाय एका वेतात दिवसाला सरासरी दहा लिटरप्रमाणे तीनशे दिवस दूध देते असे धरू, म्हणजे ३,००० लिटर. गोऱ्ह्याला रोज तीन लिटरप्रमाणे साठ दिवस पाजले तर १८० लिटर. शेतकऱ्याला लिटरला तीस रुपये मिळतात असे धरले तर ५,४०० रुपये. गोऱ्हा निम्म्या वेळा होतो, म्हणून वेतामागे २,७००, आणि लिटरमागे फक्त ९० पैसे. एवढ्यासाठी ते वासरू उपाशी राहते.

आता पुढचा हिशेब. सरकारने २०२४ मध्ये गोशाळेतल्या देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. तोच आकडा घेऊ, जरी संकरित गोऱ्हा त्या अनुदानात बसत नाही. वर्षाला १८,२५०. बारा वर्षे जगला तर २,१९,०००. त्याचे निम्मे ३,००० लिटरवर वाटले तर लिटरमागे साडेछत्तीस रुपये. यात भाकड झालेल्या आईचा खर्च धरलेलाच नाही. म्हणजे साठ रुपये लिटरचे दूध खरे तर शंभराच्या घरातले आहे. उरलेले पैसे तो मुका जीव भरतो.

म्हशीचे दूध घेणाऱ्या घरांनी तर आणखी विचार करावा. वरची संपूर्ण बंदी म्हशीला आणि रेड्याला लागू नाही, आणि म्हशीचे मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत आपला देश आहे. त्या व्यापाराला जनावर दूधधंद्यातूनच मिळते.

आपल्या मुली-सुना म्हणतात, मग दूधच सोडा. ज्यांना जमेल त्यांची मी मनापासून अनुमोदना करते. पण आगमातल्या आनंद श्रावकाकडे दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे होती, आणि त्याने त्यावर मर्यादा घातली होती. मर्यादा हा आपला जुना मार्ग आहे. व्याल्यावर गायीचे दूध दहा दिवस अभक्ष्य मानण्याची रीतही आपल्याकडे आहेच. मला त्यात वासराचा हक्क दिसतो.

नर वासरे होऊच नयेत म्हणून लिंग-वर्गीकृत वीर्यमात्रा निघाल्या आहेत. त्याने साधारण नव्वद टक्के कालवडीच होतात. उपाशी मरणारे जीव कमी होणार असतील तर मला त्यात वावगे वाटत नाही. पण जे गोऱ्हे होतील त्यांचे आणि म्हाताऱ्या गायींचे देणे त्याने फिटत नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. ज्या घरी दूधवाला येतो तिथे त्याला वासराबद्दल विचारा, आणि तो पोटभर पाजत असेल तर लिटरला चार रुपये जास्त द्या, घासाघीस करू नका. पारण्याला आणि लग्नकार्यात बासुंदी, पेढे, पनीर असे तीन-तीन पदार्थ नकोत, एक पुरे. पर्युषणात एकदाच पावती फाडण्यापेक्षा दर महिन्याच्या घरखर्चात गोऱ्ह्याचे एक खाते ठेवा, दुधाच्या बिलाच्या निम्मी रक्कम त्यात टाका आणि ती पांजरापोळीला वैरणीसाठी द्या. देताना विचारा, तुमच्याकडे संकरित गोऱ्हे किती आहेत? नुसत्या देशी गायींचे फोटो पाहून समाधान मानू नका.

आदिनाथ भगवंतांचे लांछन वृषभ आहे. त्याच्यापुढे आपण रोज हात जोडतो. त्याच जातीचे एक वासरू आपल्या दुधापायी गोठ्यात उपाशी असेल, तर त्याची वैरण आपण द्यायची आहे. तुमच्या मंडळात हा विषय काढा, आणि काय ठरले ते मला जरूर कळवा.